मीटरमधलं शिलिंग

इंग्लंडमध्ये पूर्वी ‘आठवड्याला बारा पौंडांत लोक मजेत राहायचे’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. त्या हिशेबात पाव, दूध, भाडं सगळ्यांचे भाव आले, पण उबेचा खर्च कुणी धरलाच नाही. माझे काका 1966 मध्ये तिथल्या लेस्टर शहरात भाड्याच्या खोलीत राहायचे. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंगाचं नाणं टाकलं तरच शेगडी पेटायची, नाणी संपली की रात्रभर कुडकुडायचं. पगाराचं पाकीट हातात पडलं की ते आधी शिलिंगं डब्यात टाकायचे, भाजी नंतर.

इथे भारतात 1957 पासून नवे पैसे अंगवळणी पडले होते, तिथे पुन्हा बारा पेन्सचं शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड! 15 फेब्रुवारी 1971 ला तिथेही दशमान पद्धत आली. पाच नव्या पेन्सचं नाणं मात्र आकारानं शिलिंगाएवढंच होतं, त्यामुळे काकांचा डबा तसाच राहिला.