मदत हवी आहे: जुन्या इटालियन जियालोची ब्लू-रे घ्यावी का?

मंडळी, जियालो (इटालियन खून-रहस्याचे थरारपट) बघणारं कोणी आहे का इथे? विषय आहे दिग्दर्शक आल्दो लादोचा 'की ला विस्ता मोरिरे?' (1972), व्हेनिसमधला, ज्यात जॉर्ज लेझनबी शिल्पकार आहे आणि त्याच्या लहान मुलीचा खून होतो, संगीत मोरिकोनेचं. ते लहान मुलांचं कोरस एकदा ऐकलं की डोक्यातून जात नाही राव!

माझ्याकडे जुनी पाल (PAL, युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) कॉपी आहे, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमचा पिक्चर 25 ने पळतो, 100 मिनिटांचा 96 मध्ये संपतो, आणि आवाजही जरा चिरका होतो, मोरिकोनेचं संगीत असं ऐकणं म्हणजे शिक्षाच. अॅरो या ब्रिटिश डिस्क कंपनीने मूळ 35 एमएम कॅमेरा निगेटिव्हवरून 2के रिस्टोरेशन (नव्याने स्कॅन करून साफसफाई) केलंय, ती डिस्क घ्यायचा विचार आहे.

तर ज्यांनी बघितलीय त्यांनी सांगा, रंग कसे आहेत? इटालियन पिक्चरांच्या नव्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा सगळंच पिवळट दिसतं, आणि इथे तर व्हेनिसचं धुकं आणि राखाडी पाणी हाच अर्धा पिक्चर आहे. ग्रेन (फिल्मचा मूळ रवाळपणा) ठेवलाय की घासून चेहरे मेणाचे केलेत? ऑडिओ इटालियन लावू की इंग्लिश? त्या काळी आवाज नंतरच डब करायचे, त्यामुळे ओठ कुठल्याच ट्रॅकला नीट जुळणार नाहीत हे माहितीये, पण अभिनय कशात बरा वाटतो?

अजून एक, ब्लू-रे डिस्क ठरावीक रीजनच्या प्लेयरवरच चालतात आणि आपल्याकडचे प्लेयर रीजन सीचे, मग बाहेरची डिस्क चालवायला रीजन-फ्री प्लेयर पुण्यात कुठे मिळेल? टोरेंटच्या लिंका नकोत प्लीज.