गढूळ आवाज हा 'रायट'चा दोष नव्हे

स्लाय अँड द फॅमिली स्टोन या अमेरिकन फंक बँडच्या 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' (1971) या अल्बमचा आवाज गढूळ आहे, ट्रेबल (आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग) चढवून ऐका, असा सल्ला दिला जातो. कृपया तसं करू नका. बँडचा प्रमुख स्लाय स्टोन याने त्याच टेपवर पुन्हा पुन्हा पुसून नवे ट्रॅक घेतले. टेप रेकॉर्डरच्या हेडवर (टेपवर आवाज नोंदवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावर) जितकी घासली जाते तितका तिचा चुंबकीय थर झिजतो. आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, मागे खरखर उरते. गेलेला आवाज ट्रेबल चढवून परत येत नाही, खरखर तेवढी वाढते.

याच अल्बममधल्या 'फॅमिली अफेअर'चे पहिले काही सेकंद हेडफोनवर ऐका. माएस्ट्रो ऱ्हिदम किंग या ड्रम मशिनची कोरडी टिकटिक, त्यावर बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो. मशिन काटेकोर चालतं, बाकी वाद्यं किंचित रेंगाळतात. सगळी मजा त्या फटीत आहे. आज सॉफ्टवेअरमध्ये हा ठेका बसवणारे बेस गिटारही ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या काटेकोर रेघांना) चिकटवतात आणि तिथेच गाणं मरतं. बेस हातानेच वाजवा. आणि हो, हेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं!

प्रभावाचं म्हणाल तर जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या 'हेड हंटर्स' या अल्बममध्ये (1973) 'स्लाय' नावाचीच रचना आहे.

'रायट'चा शेवटचा ट्रॅक मात्र याच बँडच्या 1969च्या 'थँक यू' या सिंगलसोबत लावून ऐका. शब्द तेच, पण बँडचा बेसवादक लॅरी ग्रॅहमच्या अंगठ्याच्या सिंगलमधल्या त्या फटक्यांऐवजी इथे जड, संथ, थकलेली चाल आहे.