अ‍ॅराबेला बकली: लायेल यांच्या सचिव, की मुलांच्या विज्ञानलेखिका?

चौकस:
अ‍ॅराबेला बकली (१८४०–१९२९) यांच्याविषयी जिथे वाचावे तिथे ‘भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांच्या सचिव’ हीच ओळख आधी येते. या नोकरीचा त्यांच्या लेखनाला कितपत उपयोग झाला? शिवाय ‘द फेअरीलँड ऑफ सायन्स’ (१८७९) या पुस्तकात त्यांनी निसर्गातील शक्तींना पऱ्या म्हटले आहे. अशाने विज्ञान पातळ होत नाही का?

जुनी पाने:
नोकरीचा उपयोग फार मोठा झाला. लायेल यांची दृष्टी अधू होती आणि १८६४ पासून १८७५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत बकली त्यांचे काम पाहत होत्या. इंग्लंडमधील विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांसाठी जवळजवळ बंद असण्याच्या त्या काळात उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे डार्विन व वॉलेस आणि त्याचे पाठीराखे जीवशास्त्रज्ञ हक्सली यांच्या वर्तुळात त्यांचा वावर या कामामुळेच सुरू झाला. लायेल गेल्यानंतर पुढच्याच वर्षी त्यांचा निसर्गविज्ञानाचा संक्षिप्त इतिहास प्रसिद्ध झाला.

पऱ्यांबद्दल म्हणाल तर हे पुस्तक मुळात मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानांतून तयार झाले आहे. उष्णता, गुरुत्वाकर्षण, रेणूंना एकत्र धरून ठेवणारी ओढ, स्फटिकीभवन या त्यातल्या पऱ्या. गोठलेल्या पाण्याला त्या झोपी गेलेल्या राजकन्येची उपमा देतात आणि तिला जागे करायला सूर्यकिरण येतो. पण या पऱ्यांना लहर नसते. त्या दर वेळी नियमानेच वागतात, आणि त्या दिसाव्यात म्हणून मुलाने स्वतः निरीक्षण करावे, अशी लेखिकेची अट आहे. त्यामुळे विज्ञान पातळ झाले असे मला वाटत नाही.

रानवाट:
माझे मत थोडे वेगळे आहे. पऱ्यांचे रूपक आज जरा गोडमिट्ट वाटते, हे मान्य करायला हरकत नसावी. बकली यांचे खरे सामर्थ्य ‘लाइफ अँड हर चिल्ड्रन’ (१८८०) आणि ‘विनर्स इन लाइफ्स रेस’ (१८८३) या जोडपुस्तकांत आहे. पहिल्यात अमीबापासून कीटकांपर्यंतचे अपृष्ठवंशीय प्राणी येतात, तर दुसऱ्यात पृष्ठवंशीय. जगण्याची झटापट त्या मुलांपासून लपवत नाहीत. मात्र पिलांची काळजी घेणे आणि एकमेकांना साहाय्य करणे हीदेखील टिकून राहण्याची साधने आहेत, हे त्या आग्रहाने मांडतात. सामाजिक सहजप्रवृत्तींचा विचार डार्विन यांनी १८७१ मध्ये केलाच होता, पण मुलांच्या पुस्तकात त्याला मध्यवर्ती स्थान देणे हे धाडसाचे होते. स्वतः डार्विन यांनी पत्र लिहून पहिल्या पुस्तकाचे कौतुक केले होते.

चौकस:
आभारी आहे. या वर्तुळात त्यांचे स्थान केवळ पत्रे लिहून देणाऱ्या व्यक्तीचे नव्हते, याचा काही पुरावा आहे का?

जुनी पाने:
आहे. वॉलेस यांची पैशांची ओढाताण १८७९ च्या अखेरीस डार्विन यांच्या कानावर घातली ती बकली यांनीच. पुढे डार्विन आणि हक्सली यांनी खटपट केली आणि १८८१ मध्ये वॉलेस यांना वार्षिक २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मंजूर झाले. वॉलेस यांच्याप्रमाणे बकली यांनाही परलोकविद्येत, म्हणजे मृतात्म्यांशी संपर्क साधता येतो या विचारात, रस होता; बकली यांनी मांडलेली उत्क्रांती निव्वळ जडवादी, म्हणजे सारे काही जड पदार्थांवरच सोपवणारी, का नाही, याचे उत्तर मला वाटते तिथेही शोधावे लागेल. १८८४ मध्ये विवाह झाल्यावरही त्यांचे लेखन थांबले नाही. दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक यांतून दिसणाऱ्या जगावरचे त्यांचे पुस्तक १८९० मधले आहे.