मदत हवी आहे: डॉक्सीसायक्लिन चालू असताना कोलॉइडल सिल्व्हर?

नमस्कार मंडळी. आईला (वय ६७) डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक ७ दिवसांसाठी दिलंय. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी असतेच. घोळ असा की मावशीने अमेरिकेहून कोलॉइडल सिल्व्हरची (चांदीचे अगदी बारीक कण असलेलं पाणी) बाटली आणली आणि आई ३ दिवस या गोळ्यांबरोबरच चमचाभर घेतेय, हे मला काल कळलं. वर म्हणते, "चांदीच ती, मिठाईवरचा वर्ख खातोच की आपण!" आता बोला!

वाचलं ते असं, की चांदीमुळे डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स आणि थायरॉक्सिनसुद्धा (म्हणजे थायरॉइडची गोळी) पोटात नीट शोषली जात नाहीत. चांदी बरेच दिवस घेतल्यास कातडी कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएनेही (तिथली औषध नियामक संस्था) १९९९ मध्येच कोलॉइडल सिल्व्हरची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत असं ठरवलंय. बाटली मी माळ्यावर टाकली.

आमचे डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर इथल्या कोणी डॉक्टर किंवा फार्मासिस्टने सांगावं: झालेले डोस वाया गेले समजायचे का? कोर्स लांबवतात का? थायरॉइडची तपासणी पुन्हा करून घ्यावी का? ताप उतरलाय, पण खोकला आहे. गोळ्या मी ठरल्या वेळेला देतोय, मनाने काही बदललेलं नाही.

आणि मावशीला न दुखावता हे कसं सांगायचं, तेही सुचवा.