आगमनकाळातच नाताळ उरकून जातोय का? फराळ, गोठा, कॅरल यांना तारखेची मर्यादा हवी की नको?

पापडीकर (धाग्याची सुरुवात)

नोव्हेंबर सरत नाही तोच घरोघरी कंदील लागतात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पार्ट्या सुरू होतात आणि 26 तारखेला गोठा (येशूजन्माचा देखावा) आवरायची घाई. ख्रिस्तसभेचं उपासना वर्ष याच्या नेमकं उलट चालतं. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ, वाट पाहण्याचा. वेदीवर जांभळा रंग, मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ग्लोरिया हे स्तुतिगीत नाही, फुलं आणि वाद्यंसुद्धा बेतानं. नाताळ सुरू होतो 25 ला. 1 जानेवारीपर्यंत अष्टक, म्हणजे सणाचे आठ दिवस, आणि त्यापुढे जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ. आपण आनंद आधीच खर्चून टाकतो आणि 25 च्या दुपारी अख्खं घर थकून झोपलेलं असतं.

माझं म्हणणं असं: 17 डिसेंबरपासून नवं काम हाती घेऊ नये. 17 ते 23 या सात संध्याकाळी ख्रिस्ताला रोज एका प्राचीन नावानं हाक मारली जाते: 17 ला ज्ञान, 20 ला दाविदाची किल्ली, 23 ला इम्मानुएल. घरात रोज दहा मिनिटं तेवढी एक प्रार्थना, आगमनचक्राच्या, म्हणजे फांद्यांच्या कड्यात दर रविवारी एक वाढवत लावायच्या चार मेणबत्त्या लावून. पापनिवेदन (फादरांजवळ पापांची कबुली) आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातच करावं. 23 ला रांग दारापर्यंत जाते आणि फादरांनाही एकेकाला दोन मिनिटांपेक्षा जास्त देता येत नाहीत. पाहुणे, मित्रमंडळी, पार्ट्या हे सगळं 26 नंतर.

आगमनचक्राबद्दल एक सूचना. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती वीतभर तरी उंच घ्या. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, बुटकी घेतली तर तिसऱ्या रविवारीच संपते. आपल्याकडे सुरूच्या फांद्या लावतात, त्या आठवड्यात वाळून भुरकन पेट घेतात. दर रविवारी बदला, आणि खाली स्टीलच्या ताटात वाळू घाला.

नंदाखालची थोरली

पापडीकर दादा, 17 तारीख पाळायची तर फराळाचं गणितही मांडा. केकची फळं महिनाभर आधी रममध्ये भिजतात, केकही टिकतो, तिथवर ठीक. कलकल, म्हणजे मैद्याच्या वळून तळलेल्या गोड गोळ्या, बघा. एक किलो मैदा, दोन अंडी, पाव किलो पिठीसाखर, चमचाभर तूप, लागेल तसं नारळाचं दूध. पीठ घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास. फडकं सुकलं की वळताना चिरा पडतात. मग एकेक गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळायची. आच मोठी झाली की बाहेरून लाल, आत कच्ची, आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. एकटीनं बसलं तर दुपार आणि संध्याकाळ दोन्ही त्यातच जातात. नेवऱ्यांत (करंज्यांत) ओलं खोबरं असेल तर चार-पाच दिवसांत खवट वास येतो, त्या 20 च्या आधी करून भागत नाही.

आणि हे काम विश्वासाच्या आड येतं असं तुम्ही धरून चालला आहात, ते मला पटत नाही. पाच जणी वळायला बसल्या की हातांबरोबर रोझरीही (जपमाळेची प्रार्थना) होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेला काळजी आणि दगदग करतेस म्हणून टोकतो. चूल विझव म्हणत नाही. दगदग होते कारण काम एकीच्याच अंगावर पडतं. तारीख बदलून ते हलकं होणार नाही.

मंडळीचा माणूस, नगर

आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे वेगळ्या बाजूनं लिहितो. आमच्याकडे डिसेंबरात मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, संध्याकाळी घरोघरी कॅरल घेऊन जाते. ढोलकी, पेटी, नारायण वामन टिळकांच्या मराठी गीतांचा वारसा, एक उतारा, लहानशी प्रार्थना. एका घराला पंधरा-वीस मिनिटं धरली तर एका संध्याकाळी सात-आठ घरं होतात. आजारी आणि एकटी राहणारी माणसं आधी घ्यायची, कारण उशीर झाला की शेवटची घरं राहतात आणि ती नेमकी त्यांचीच असतात.

हे 26 नंतर करा म्हणाल तर गाणारी अर्धी माणसं पुण्या-मुंबईला परतलेली असतात. जन्माचा आनंद आधी गायला म्हणून कमी होतो असं मला वाटत नाही. यशया संदेष्टा तर कितीतरी शतकं आधी गाऊन गेला.

कॉयर, टेनर

मी पापडीकरांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. 24 च्या रात्री गायनमंडळाचे आवाज बसतात, कारण सराव डिसेंबरात सुरू होतो आणि शेवटच्या चार दिवसांत रोज तीन तास रेटला जातो. नवी गाणी दोनच घ्या, ऑक्टोबरअखेर बसवा. 20 नंतर फक्त उजळणी, तीही पाऊण तासाची. ग्लोरिया आगमनकाळात मिस्सेत गायलेलं नसतं, म्हणून तिथेच सूर हरवतो. ते वेगळं घोटून घ्या. आणि गायकांनी उतारे आधी वाचलेले असावेत. मध्यरात्री लूक 2 मधला जन्म, पहाटे मेंढपाळ, दिवसाच्या मिस्सेला योहानचा ‘शब्द’. प्रत्येक मिस्सेला तीच गाणी उचलून ठेवणं मला खटकतं.

पापडीकर

थोरलीताई, नेवऱ्यांना तोड आहे. सुकं खोबरं किसून मंद आचेवर कोरडं भाजा, भाजलेला रवा, खसखस आणि पिठीसाखर घाला, सारण पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलं की वाफ धरते आणि पारी मऊ पडते. अशा नेवऱ्या दोन आठवडे राहतात, म्हणजे 14-15 ला करता येतात. काम वाटून घेण्याचा तुमचा मुद्दा मान्य, तो मी मांडायला हवा होता. तारखेवर मात्र मी ठाम आहे.

नगरकर भाऊ, आजाऱ्यांच्या घरी आधी जाणं योग्यच, त्याला माझा विरोध नाही. माझी हरकत स्पर्धांना आहे. गोठ्याची स्पर्धा लागली की रात्री-रात्री थर्माकोलचे डोंगर कापले जातात आणि पेंढ्यावर दिव्यांच्या माळा गुंडाळल्या जातात. तापलेली वायर आणि सुका पेंढा एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नाही. घरचा गोठा साधा ठेवा. गहू रात्रभर भिजवून 14 ला पसरट ताटात मातीवर पेरा, 24 पर्यंत चार बोटं हिरवळ येते. गव्हाण रिकामी ठेवा. मुलांनी कुणासाठी काही चांगलं केलं की त्यात एक काडी टाकायची. बाळ येशूची मूर्ती 24 च्या रात्री मिस्सेहून आल्यावर, घरातल्या सगळ्यांत लहानाच्या हातून.

नंदाखालची थोरली

सुक्या खोबऱ्याची नेवरी टिकते, चव मात्र ओल्याची येत नाही. आमच्याकडे सणाला ओलंच लागणार. रिकाम्या गव्हाणीचं पटलं. पण तुमच्या हिशेबात 26 ते 1 रोज पाहुणे आहेत. तेव्हाही चहा, जेवण, भांडी आहेतच. अष्टकातल्या आठ दिवसांची कामं घरातल्या पुरुषांच्या आणि मुलांच्या नावानिशी आधी कागदावर लिहा, मग 17 तारखेचं बोलू.