उत्तर: ऑक्टोबरची सहल – वोल्तेर्राला अर्धा दिवस पुरेल का?

सप्रेम नमस्कार,
बेत असा आहे: सकाळी पिसाचा मनोरा, दुपारी इटलीतलंच वोल्तेर्रा हे जुनं गाव, संध्याकाळी सान जिमिन्यानो हे दुसरं गाव, रात्री उशिरा परत. सूचना रविवारपर्यंत कळवाव्यात.
– सचिव

---

मनोरा ठेवा. वोल्तेर्राचं ते राखेच्या पेट्यांचं म्युझियम कशाला? मुलं कंटाळतील, आणि खरं सांगायचं तर मीही.
– खजिनदार काका

---

काका, मी दोनदा जाऊन आलेय म्हणून बोलते. अर्धा दिवस पुरणार नाही. सान जिमिन्यानो काढूनच टाका.

पेट्या म्हणालात ते खरं आहे. ग्वार्नाच्ची म्युझियममध्ये तसल्या सहाशेच्या वर आहेत. वोल्तेर्राचे एत्रुस्कन लोक, म्हणजे रोमनांच्या आधीपासून तिथं राहणारे, दहन करून रक्षा पेटीत भरायचे आणि पेटी घराण्याच्या थडग्यात ठेवायचे. झाकणावर ते माणूस कोपरावर रेलून बसलेलं, पंगतीला आल्यासारखं. धड इवलंसं, डोकं भलंमोठं. दोन-तीन दालनं झाली की सगळे सारखेच दिसायला लागतात, तेही कबूल.

मग ते नवरा-बायकोचं झाकण समोर येतं. भाजलेल्या मातीचं, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातलं. दोघंही म्हातारे. सुरकुत्या, ओघळलेले गाल, काही म्हणजे काही झाकलेलं नाही. ती मान वळवून त्याच्याकडे टक लावून बघतेय, आणि तो भलतीकडेच. मी तिथं वीस मिनिटं उभी होते. आमचे हे तेव्हा बाहेर कॉफी पीत होते!

मुलांसाठी ‘ओम्ब्रा देल्ला सेरा’ आहे, म्हणजे संध्याकाळची सावली. ब्राँझचा उघडा मुलगा, उंची जेमतेम ५७ सेंटिमीटर, पण उदबत्तीसारखा ताणलेला. पोरं हसतात, मग एकमेकांची सावली बघायला अंगणात पळतात.

मारिओ ग्वार्नाच्ची या पाद्र्यानं आपला संग्रह गावकऱ्यांना दिला तो १७६१ साली. म्हणजे आपल्याकडे पानिपत झालं त्याच वर्षी. (आपल्या लायब्ररीची पुस्तकं अजून कुणाकुणाच्या गॅरेजमध्ये आहेत, ते असो.)

शिवाय पोर्ता आल्लार्को ही एत्रुस्कनांची वेस आहे. वर तीन दगडी डोकी, झिजून नाकडोळे गेलेली. १९४४ मध्ये चालून येणाऱ्या शत्रूची वाट अडवायला जर्मन सैन्य ती सुरुंगानं उडवणार होतं. गावकऱ्यांनी रस्त्याची फरसबंदी उखडली आणि त्याच दगडांनी एका दिवसात वेस चिणून टाकली. बंद वेशीतून जर्मनांचा शत्रू येणार कसा? वेस वाचली. ही गोष्ट बसमध्येच सांगा, म्हणजे पोरं धावत जाऊन बघतील.

अलाबास्टरच्या, म्हणजे तिथल्या पांढऱ्या दगडाच्या वस्तूंच्या दुकानांसाठी तासभर राखून ठेवा. कारागिराच्या भुवयांवरसुद्धा पांढरी भुकटी असते. वाट्या घ्याल तर शोभेच्याच घ्या. दगड मऊ असतो, लोणचं घातलंत की गेली वाटी.
– पुस्तकपेटीवाली ताई

---

ताई, पुस्तकांचा टोमणा पोचला. दोन माझ्याकडे आहेत, बसमध्ये आणून देतो. सान जिमिन्यानो काढा, मनोरा सकाळी तासाभरात उरका. पण वरचा रस्ता म्हणे घाटाचा आहे, नुसती वळणं. माझं नाव पुढच्या सीटवर लिहा, मला बस लागते.
– खजिनदार काका