अनुभव धागा: तोंडावर खरं बोलून सोबत राहिलेली माणसं

नगरची_लेक
काल माळा आवरताना स्टीलचा एक डबा हाताला लागला. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं, 'सौ. श. भां.' माझा नव्हेच तो, मैत्रिणीचा. बावीस वर्षं झाली, परत द्यायचा राहिला.

तेव्हा वडिलांच्या घराच्या वाटणीवरून माझं आणि भावाचं बोलणं तुटलं होतं. चर्चमध्ये तो पुरुषांच्या बाजूला, मी बायकांच्या. दोन वर्षं एकमेकांना सलामसुद्धा नाही. प्रभुभोजनाचा रविवार होता, भाकरीचं ताट आमच्या बाकापर्यंत आलं आणि ही मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "आज घेऊ नकोस गं. आधी भावाला गाठ." वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे बायबलच्या मत्तय पाचमधलं वचन मलाही पाठ होतं. पण तिनं ते मला सांगावं? मी तशीच उठून बाहेर आले आणि तीन महिने तिच्याशी बोलले नाही.

त्या दिवसांत यजमानांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. दर बुधवारी तिचा मुलगा यायचा, कडीला पिशवी अडकवायचा, "आईनं दिलंय" म्हणायचा आणि पळायचा. मी तिच्याशी बोलत नव्हते आणि तिच्याच हातचं जेवत होते.

चौथ्या महिन्यात भावाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "जेवलीस का?" वाटणीचं भांडण पुढं पाच वर्षं चाललं, पण बोलणं पुन्हा तुटलं नाही.

नीतिसूत्रे २७ मधलं मित्राच्या मनापासूनच्या सल्ल्याला सुगंधी तेलाची उपमा देणारं वचन आपण कॅलेंडरवर छापतो. त्याच अध्यायात तीन ओव्या आधी, मित्रानं केलेले घाव विश्वासाचे असतात, असं वचन आहे. ते कुणाच्या भिंतीवर मी पाहिलं नाही. तुमच्या आयुष्यात असं कुणी होतं का? लिहा.

चाफा_७०
वाचून डोळे भरले. बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

बावखलाकाठचा
वसईहून. मी प्यायचो. घरचे बोलून थकले, फादरांनी दोनदा समजावलं. लहानपणापासूनचा मित्र मात्र कधीच त्यावर बोलला नव्हता. एके दिवशी विहिरीच्या कठड्यावर शेजारी येऊन बसला. म्हणाला, "तुझा पोरगा काल माझ्याकडे गणितं सोडवायला आला होता. जाताना विचारत होता, काका, मी इथंच झोपू का?" बस, एवढंच बोलला.

दुसऱ्या गुरुवारी मला स्कूटरवर घालून अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला घेऊन गेला. बंद मीटिंगला ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे तोच आत बसतो. म्हणून हा दीड तास बाहेर स्कूटरवर, डास मारत. असे अकरा महिने. एकदा भर पावसात मी म्हटलं, आज राहू दे. तो रेनकोट घालून दारात उभा. आता सोळावं वर्ष चालू आहे.

शेंगोळेप्रेमी
@नगरची_लेक डब्यात काय असायचं?

नगरची_लेक
शेंगोळे! हुलग्याच्या पिठाचे, लसणाची फोडणी घालून. यजमानांना तेच आवडायचे, हे तिला ठाऊक होतं.

शेंगोळेप्रेमी
आमच्याकडं थोडं गव्हाचं पीठ घालतात, नाहीतर तुटतात.

नगरची_लेक
गहू नको हो, हुलग्याची चव मरते. पीठ घट्ट मळायचं आणि पाणी चांगलं उकळल्यावरच सोडायचे.

सायली_मावशी
थोडं वेगळं लिहिते. माझं बाळ आठ दिवसांचं असताना गेलं. मंडळीतली माणसं आली. कुणी म्हणालं देवाची इच्छा, कुणी म्हणालं त्याला फूल हवं होतं, एकीनं तर माझा विश्वास कुठं कमी पडला ते विचारलं. सगळे प्रेमानंच बोलत होते, हे आज कळतं. तेव्हा प्रत्येक वाक्य सुरीसारखं लागायचं.

एक मैत्रीण आली. तिनं प्रार्थनासुद्धा मोठ्यानं केली नाही. मोरीत पाहुण्यांच्या चहाचे कप साचले होते, ते विसळले, फडक्यानं पुसून एकेक पालथा घातला, मग माझ्या पायाशी बसून राहिली. रोज यायची. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं गेली तेव्हा भेटायला आलेल्या त्याच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोंड उघडल्यावर चुकले.

सल्ला द्यावाच, पण तो कधी द्यायचा हेही मित्राला कळलं पाहिजे.

चाफा_७०
मावशी, काय लिहू कळत नाही. मिठी.

बावखलाकाठचा
मावशी, 🙏

पौलाचा_वाचक
प्रेषित पौलानं अंत्युखियात प्रेषित पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर विरोध केला, बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा अध्याय २ बघा. पेत्र यहुदी नसलेल्यांच्या पंगतीतून उठून बाजूला होऊ लागला होता. तरी पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात "प्रिय बंधू पौल" असा उल्लेख येतो. ज्यानं चारचौघांत कान उघडले त्यालाच प्रिय म्हणणं, हे मला फार मोठं वाटतं.

संथ_नदी
पण दादा, मत्तय १८ मध्ये येशू सांगतो की भावाची चूक आधी एकांतात, दोघांतच दाखव. नगरच्या ताईंची मैत्रीण कानाशी बोलली. आमच्या महिला मंडळात 'प्रेमानं सांगते' म्हणत चारचौघींत बोलतात, ते मला नाही पटत.

पौलाचा_वाचक
मान्य. पेत्राची चूक सगळ्या मंडळीला फरफटत नेत होती, म्हणून पौलानं उघड सांगितलं असावं. घरातली गोष्ट घरातच.

रात्रपाळी
मी हिंदू आहे, चालेल ना इथं लिहिलं तर? नर्सिंगला असताना माझी रूममेट ख्रिस्ती होती. रोज झोपण्याआधी पलंगाजवळ गुडघे टेकायची. एका रात्री माझ्याकडून पेशंटला औषधाचा डोस चुकीचा गेला. पेशंट ठीक होता, कुणाला कळलंही नसतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "आत्ता सिस्टर इन्चार्जला सांग. मी दाराशी थांबते." माझे हात गार पडलेले. आत जाऊन बोलणी खाल्ली, लेखी द्यावं लागलं. बाहेर आले तर ती तिथंच, पायातली चप्पलसुद्धा उलटसुलट, घाईत तशीच आलेली. आजही औषधाचा चार्ट भरताना ती दाराशी उभी आहे असं वाटतं.

सायली_मावशी
चालेल काय विचारतेस बाळा. बरं झालं लिहिलंस.

जुनी_पानं
नगर आणि वेगळ्या धर्मातली मैत्री म्हटल्यावर बालकवी आठवले. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांच्या नगरच्या घरी बालकवी म्हणजे त्र्यंबक ठोंबरे राहायचे, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा, मधल्या काळात ताटातूट. धर्मावरून माणसं तुटणं काय असतं ते त्या माऊलीनं भोगलं होतं, आणि तिच्याच घरी हा हिंदू कवी हिंदू राहूनच घरचा झाला. १९१८ मध्ये जळगावकडच्या भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, पुढच्याच वर्षी टिळक गेले.

शेंगोळेप्रेमी
भादली आमच्या आजोळाजवळ! आजी स्टेशन दाखवायची.

मस्कतवाला
इथं शुक्रवारी उपासना असते, आत्ताच आलो. वडिलांशी माझं बरं नव्हतं. ते आजारी पडले तेव्हा मी पैसे पाठवून मोकळा झालो होतो. चर्चमधला एक मल्याळी मित्र म्हणाला, "पैसे मी पण पाठवले होते, माझे वडील वाट बघत गेले." तिकिटासाठी त्यानं स्वतःची भिशी आधी मला उचलू दिली. बाबांबरोबर एकोणीस दिवस मिळाले. त्यांची दाढी मी करायचो.

चाफा_७०
@नगरची_लेक मैत्रीण आता कुठं असते?

नगरची_लेक
मुलाकडे, सोलापूरला. गुडघ्यांमुळं फारशी हिंडत नाही. डबा रिकामा कसा देऊ, म्हणून आज हुलगे निवडायला घेतलेत.

शेंगोळेप्रेमी
प्रवासात शेंगोळे आंबतील हो ताई. पीठच भरून न्या, तिथं जाऊन करा.

नगरची_लेक
हे सुचलंच नव्हतं. पीठच नेते. सकाळी सातची गाडी आहे, भाऊ सोडायला येतोय स्टँडवर.